चाक गुणगुणायला लागलं तेव्हा

मिक्सरच्या भांड्यात दाण्यांचा कूट बारीक झाला की नाही, हे झाकण न उघडताही आपल्याला कळतं. आवाज बदलतो. कुकरची शिट्टी होण्याआधी त्याची धुसफूस वाढते, नळाला पाणी येण्याआधी पाइप खाकरतो, आणि रात्री पंखा जरा वेगळा वाजू लागला की झोपेतसुद्धा आपलं लक्ष तिकडे जातं. घर चालवणाऱ्या बाईचा कान सतत जागा असतो. तो शिकायला आपण कुठल्या शाळेत गेलेलो नसतो. पण हाच कान गाडीत बसल्यावर मात्र आपण बाजूला ठेवून देतो. "गाडीतलं मला काय कळतंय!" म्हणून मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, मीही तशीच मोकळी झाले होते, आणि त्यापायी दिवाळीसाठी बाजूला ठेवलेले पैसे दोन टायरांत घालून बसले. दुखणं होतं दुसरीकडेच!

अण्णांची गाडी

आमच्याकडे पांढरी मारुती ८०० आहे, २००८ सालची. ती माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. या गाडीचं कौतुक आताच्या मुलींना सांगावं लागतं. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मालकाच्या हाती दिली, आणि पुढे तीस वर्षं, म्हणजे जानेवारी २०१४ पर्यंत ही गाडी बनत राहिली. कितीतरी मध्यमवर्गीय घरांतली ती पहिली चारचाकी. अण्णांनीही ती निवृत्तीच्या पैशातून घेतली आणि लेकरासारखी सांभाळली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०२३ मध्ये अण्णांनी स्वतः रांगेत उभं राहून ते काम केलं. त्याच हिवाळ्यात ते गेले.

मग गाडी विकायची बोलणी निघाली. आमचे हे वाळूजला कंपनीच्या बसने जातात, त्यांना गाडीची गरज नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रोज सकाळी गाडीवरचं कापड झटकायच्या. मीच म्हटलं, "विकू नका, मी शिकते." चौतिसाव्या वर्षी लायसन्स काढलं. आठवड्यातले तीन दिवस शाळेत शिकवायला जाणं, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणं, लेकीचा गाण्याचा क्लास, महिन्याचं वाणसामान, या सगळ्यासाठी आता कुणाची मिनतवारी करावी लागत नाही. हे सुख जिने अनुभवलंय तिला गाडीची किंमत सांगायला नको.

मे महिन्यात आवाज सुरू झाला. गाडी चाळीसच्या पुढे गेली की खालून भुंगा गुणगुणल्यासारखी एकसारखी भुणभुण यायची. वेग वाढला की आवाज वाढे, वेग कमी केला की उतरे. यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, जुनी गाडी आहे, आवाज यायचाच. काच वर कर आणि रेडिओ लाव." मी काच वर केली आणि रेडिओ लावला!

दोन टायर आणि एक चूक

आवाज वाढतच गेला, तेव्हा टायरच्या एका दुकानात गाडी नेली. तिथल्या माणसाने पुढच्या टायरांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "टायर घासलेत, त्यांचाच आवाज आहे." टायर थोडे घासले होते हे खरं. मी विश्वास ठेवला आणि दोन नवे टायर घेतले. दुकानातून घरापर्यंत जालना रोडवरून येताना मला वाटलं, आवाज कमी झाला. पैसे खर्च केले की तसं वाटतंच. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर भुंगा परत हजर.

टायरचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज सख्ख्या बहिणींसारखे असतात, फसायला होतं. पण थोडं लक्ष दिलं तर ओळखता येतात. टायरचा आवाज रस्त्यावर अवलंबून असतो. सिमेंटच्या रस्त्यावर तो एक, गुळगुळीत डांबरावर दुसरा, खडबडीत डांबरावर तिसरा. बेअरिंगची भुणभुण रस्ता बदलला तरी तीच राहते, ती फक्त वेगाचं ऐकते. टायरचा संशय असेल तर नवे टायर घेण्याआधी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून पाहावेत. आवाजाची जागा बदलली तर टायर, नाही बदलली तर दुसरं काही. हा प्रयोग जवळजवळ फुकटात होतो. मला तो दोन टायर घेतल्यावर कळला.

आणखी एक खूण. मोकळ्या, सरळ रस्त्यावर आवाज येत असताना क्षणभर गिअर काढून गाडी नुसती घरंगळू द्यावी. इंजिन मंदावलं तरी भुणभुण तशीच राहिली, तर ती इंजिनाची नाही, चाकाकडची आहे. असं करताना इंजिन मात्र बंद करू नये. काही गाड्यांत ब्रेक जड होतो, कधी स्टिअरिंगही जड होतं.

मोहरी आणि डबा

आता हे बेअरिंग म्हणजे काय? ओट्यावर मोहरी सांडली असताना तिच्यावर जड डबा ठेवून ढकललाय कधी? एरवी खरडत जाणारा डबा अलगद घरंगळतो. दाणे गोल फिरतात, म्हणून डबा घासत नाही. बेअरिंगचं तत्त्व हेच. पोलादाच्या दोन बांगड्या, एक मोठी, एक लहान. त्यांच्या मधल्या खाचेत पोलादाचे गोल छर्रे, आणि भोवती ग्रीस. एक बांगडी जागेवर घट्ट राहते, दुसरी चाकाबरोबर फिरते. गाडीचं सगळं वजन या छर्‍यांवर असतं.

पूर्वी बैलगाडीच्या चाकात लाकूड लोखंडी आसावर घासायचं आणि गाडीवान त्याला वंगण घालायचा. वंगण आटलं की चाक कुरकुरायचं आणि अर्ध्या गावाला कळायचं कुणाची गाडी आली ते. घोडागाडीच्या आसासाठी छर्‍यांच्या बेअरिंगचं पेटंट वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी १७९४ मध्ये घेतलं. पुढे स्वीडनमध्ये कापडगिरणीत काम करणारे स्वेन विंगक्विस्ट नावाचे इंजिनिअर होते. गिरणीतला दांडा जरासा जरी तिरपा झाला तरी बेअरिंगं वारंवार खराब होत. त्यावर त्यांनी १९०७ मध्ये दांड्याबरोबर आपलं आपण जुळवून घेणारं बेअरिंग काढलं. त्यातूनच एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे. आणि लांब कशाला जायचं? आमच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका चौकाचं नावच बेअरिंगच्या कारखान्यावरून पडलंय, एनआरबी चौक. यांची बस रोज त्या चौकातून जाते आणि घरच्या गाडीचं बेअरिंग ओरडतंय हे आम्हाला तीन महिने कळत नाही!

बेअरिंग खराब होतं म्हणजे काय होतं? पावसाचं पाणी किंवा धूळ आत गेली, ग्रीस वाळलं, किंवा बसवताना चुकलं, की आतल्या गुळगुळीत पोलादाचा बारीकसा पोपडा निघतो. मग प्रत्येक छर्रा त्या खड्ड्यावरून जाताना टक्‌ करतो. मिनिटाला शेकडो वेळा टक्‌ झालं की आपल्याला भुणभुण ऐकू येते. पुढे खड्डे वाढतात, आवाज घरघरीवर जातो, बेअरिंग तापतं, चाक डगमगायला लागतं. तरीही गाडी चालवत राहिलं तर बेअरिंग आवळून चाक अडकू शकतं, अगदी निखळूही शकतं. म्हणून या दुखण्यावर रेडिओ लावणं हा उपाय नव्हे.

दौलताबादच्या घाटात

श्रावणातला एक गुरुवार. त्या दिवशी मला शाळा नसते. सोमवारची गर्दी टाळून सासूबाईंना आणि त्यांच्या बहिणीला वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला न्यायचं ठरलं. मिटमिटा, शरणापूर मागे टाकून दौलताबादच्या किल्ल्यापाशी आलो आणि घाट लागला. चढावर रेडिओची खरखर सुरू झाली म्हणून मावशींनी तो बंद करायला लावला. त्या शांततेत मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

उजव्या वळणावर आवाज वाढायचा, डाव्या वळणावर दबायचा. पुन्हा उजवं वळण, पुन्हा वाढला. चार वळणं झाल्यावर शंका राहिली नाही.

याचं कारण मला नंतर कळलं, पण ते सोपं आहे. बस उजवीकडे वळली की आपण सगळे डावीकडे कलंडतो ना? गाडीचंही तसंच. उजवीकडे वळताना भार डाव्या बाजूच्या चाकांवर जातो. दुखऱ्या पायावर भार दिला की माणूस कण्हतो, तसं दुखरं बेअरिंग कण्हतं. उजव्या वळणावर आवाज वाढला तर बहुतेक वेळा डावं चाक, डाव्या वळणावर वाढला तर उजवं. घाटच हवा असं नाही. रिकाम्या, रुंद रस्त्यावर मध्यम वेगात स्टिअरिंग अलगद डावी-उजवीकडे केलं तरी फरक कळतो.

वर खुलताबादला पोहोचल्यावर गाडी बाजूला घेतली. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापाशी हाताची मागची बाजू नेली, लावली नाही, फक्त जवळ नेली. उजवीकडे कोमट, डावीकडे चांगलीच धग. ब्रेक लावून लावून चाकं तापतात हे खरं, पण मग दोन्हीकडे सारखी तापायला हवीत, आणि आम्ही तर चढ चढून आलो होतो. एकच चाक तापलं असेल तर दोन शक्यता: बेअरिंग, नाहीतर ब्रेक अडकून राहिलेला. दोन्ही दाखवायलाच हवीत.

यांना फोन केला. हे म्हणाले, "आता इतकी गेलीच आहेस तर जाऊन ये, हळू चालव." मावशींचंही तेच. वेरूळ अगदी चार-पाच किलोमीटरवर होतं आणि दोघींचा उपास होता. खरं सांगते, माझं मन डगमगलं. आवाज तर तीन महिने येतोय, आजच काय व्हायचंय? आणि माझं चुकलं असेल तर? दोन टायर घेऊन एकदा हसं झालंच होतं. पण मागच्या सीटवर सत्तरीच्या दोन बायका बसल्या होत्या आणि पुढे घाटाचा उतार होता. मी म्हटलं, "पुढे नाही जायचं."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बरं. मग इथला भद्रा मारुती तरी करू." आमची मारुती मारुतीच्या दारी उभी राहिली! तिथला मारुती आडवा निजलेला आहे, आणि आमची मात्र कण्हत होती. दर्शन होईस्तोवर जवळच्या एका मेकॅनिकला बोलावून चाक पाहायला लावलं. त्याने जॅक लावला, चाक हलवलं, हाताने फिरवलं आणि म्हणाला, "बेअरिंगच आहे. अजून हलत नाही, पण गरम आहे. एसटीत बसवा या दोघींना, आणि तुम्ही तीसच्या वर नेऊ नका." दोघींना एसटीत बसवलं आणि मी एकटी, मध्ये दोनदा थांबून चाक निवू देत, गाडी घरी आणली. तो दीड तास मी विसरणार नाही.

चाक तपासतात कसं

दुसऱ्या दिवशी गाडी अण्णांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या चाचांकडे नेली. त्यांनी मला बाजूला उभं न करता जवळ बोलावून दाखवलं, म्हणून तुम्हाला सांगू शकते.

गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि बाकीच्या चाकांना दगड लावायचे. मग तपासायचं चाक जॅकवर उचलायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, अगदी हातसुद्धा घालायचा नाही. पदर, ओढणी खोचून घ्यायची, बांगड्या वर सारायच्या. चाकावर घड्याळाची तबकडी आहे असं समजायचं. बारा आणि सहाच्या जागी दोन हात धरून चाक आतबाहेर हलवायचं. खटखट हललं, तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत राहिलं तर बॉल जॉइंट किंवा त्या बाजूचं काही सैल झालंय. तीन आणि नऊच्या जागी जास्त हललं तर बहुधा स्टिअरिंगकडचा सांधा.

पुढची परीक्षा फिरवण्याची. गाडी जॅकवर असताना पुढची चाकं इंजिनावर कधीच फिरवायची नाहीत. गिअर काढून चाक हातानेच फिरवायचं. चाचांनी एका हाताने चाक फिरवलं आणि मला दुसऱ्या बाजूने वरच्या स्प्रिंगवर बोटं टेकवायला लावली. "देखो बेटा, हाथ को मालूम होता." आणि खरंच, रव्यावरून पाटा फिरावा तशी कचकच बोटांना लागत होती. उजव्या चाकाच्या स्प्रिंगला काहीच नाही, लोण्यासारखं. "टायर को काहे को बदले? ये तो बेरिंग बोल रही," चाचा म्हणाले. मी मान खाली घातली.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. चाक हललं नाही म्हणजे बेअरिंग चांगलंच, असं नाही. आवाज आधी येतो, हलणं मागाहून. हलायला लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

आत काय सापडलं

मारुती ८०० मध्ये पुढच्या चाकाची बेअरिंगं चाकामागच्या लोखंडी नकलमध्ये घट्ट दाबून बसवलेली असतात. मागच्या चाकांची ब्रेकच्या ड्रममध्ये असतात. पुढचं काम जास्त किचकट. चाक जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून, मधला मोठा नट सैल करायचा. मग गाडी उचलायची, चाक काढायचं, ब्रेकचा भाग सोडवून वर बांधून ठेवायचा, त्याच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. मग नकल गाडीतून सोडवायचं आणि लेथवाल्याकडे नेऊन प्रेसवर जुनं बेअरिंग काढायचं. हे घरच्या पान्यांनी होण्यासारखं काम नाही, आणि मी ते करायला सांगतही नाही. पण ते कसं व्हायला हवं हे आपल्याला माहीत असलं तर पुष्कळ फरक पडतो.

काढलेलं बेअरिंग चाचांनी रॉकेलमध्ये धुतलं, फोडलं आणि उन्हात धरलं. बाहेरच्या बांगडीच्या खाचेत बारीक खळगे होते. एकमेकांपासून सारख्या अंतरावर, जपमाळेच्या मण्यांसारखे. दोन-तीन ठिकाणी त्यांच्यापुढे पोपडे निघाले होते. चाचांनी मला विचारलं, "ये पहले किसने बिठाया?"

मला माहीत नव्हतं. पण घरी अण्णांची गाडीची वही होती. पेट्रोल, ऑइल, हवा, पंक्चर, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. ती मी त्यांच्यानंतर उघडलीच नव्हती. त्या रात्री उघडली. २०२२ च्या पानावर होतं: "औरंगाबाद. डावे पुढचे चाक, बेअरिंग बदलले. ६१,३४० कि.मी. मेकॅनिकने हातोडीने ठोकून बसविले. मला पसंत पडले नाही." आता गाडी ७४ हजारांवर होती. नीट बसवलेलं चांगलं बेअरिंग लाखभर किलोमीटरसुद्धा जाऊ शकतं, हे तेरा हजारांतच गेलं.

अण्णांना पसंत पडलं नव्हतं. पण ते मेकॅनिकला काही बोलले नसणार. वहीत लिहिलं आणि घरी आले. आपणही किती वेळा असंच करतो!

बसवण्यातली मेख

हातोडीने काय बिघडतं ते चाचांनी समजावलं. बेअरिंगची बाहेरची बांगडी नकलमध्ये बसवायची असेल तर दाब बाहेरच्याच बांगडीवर द्यायला हवा. आतली बांगडी दांड्यावर किंवा हबवर चढवायची असेल तर आधार आतल्याच बांगडीला हवा. चुकीच्या बांगडीवर ठोकलं की तो घाव मधल्या छर्‍यांमधून जातो, आणि प्रत्येक छर्रा आपल्या जागी पोलादात खळगा पाडतो. बेअरिंग बाहेरून नवं कोरं दिसतं, पण ते बसवतानाच जखमी झालेलं असतं. ते सारख्या अंतरावरचे मणी म्हणजे तीच जखम.

चाचांनी नवी बेअरिंगं प्रेसवर बसवून आणली. बसवण्याआधी नकलचं भोक पुसून, त्याला ओरखडे आहेत का ते पाहिलं. भोक झिजून सैल झालं असेल तर नवं बेअरिंगही टिकत नाही. दोन बेअरिंगांमधली नळी जागेवर घातली, ती विसरली तर नट आवळताच बेअरिंगांवर भलता दाब येतो. ऑइल सील नवे घातले. ग्रीसही पोतंभर भरलं नाही. "जास्त ग्रीस से गरम होता," ते म्हणाले. शेवटी मोठा नट किती आवळायचा याचं कंपनीने ठरवून दिलेलं माप असतं. तो अंदाजाने नाही, माप दाखवणाऱ्या पान्याने आवळला.

आजच्या बऱ्याच नव्या गाड्यांत बेअरिंग आणि हब मिळून एकच बंद भाग येतो. तो खर्चाला जड, पण बसवायला सोपा. जुन्या गाडीत सुटा भाग स्वस्त, आणि सगळी मदार बसवणाऱ्याच्या हातावर. आमच्या बिलात बेअरिंगांपेक्षा मजुरी जास्त होती, आणि मी एक रुपयाही कमी करून मागितला नाही.

गॅरेजमध्ये जाताना

ही यादी कापून गाडीच्या कप्प्यात ठेवावी.

* आवाज कधी येतो ते लिहून न्यावं: कुठल्या वेगाला, कुठल्या वळणावर, ब्रेक दाबल्यावर बदलतो का. "आवाज येतो" एवढंच सांगितलं की मेकॅनिक अंदाजावर जातो.

* आधी चाक उचलून, हलवून, फिरवून दाखवायला सांगावं. पाहिल्याशिवाय काही बदलू देऊ नये.

* "बेअरिंग प्रेसवर बसवणार ना?" हे आधीच विचारावं. विचारायला लाजू नये.

* बेअरिंग बंद डब्यातलं, ओळखीच्या दुकानातून, पावतीसह घ्यावं. नकली माल बाजारात असतो. डब्यावरचा नंबर आणि बांगडीवर कोरलेला नंबर एकच आहे ना, ते पाहावं.

* साध्या छर्‍यांच्या बेअरिंगच्या चार आकडी नंबरातले शेवटचे दोन आकडे भोकाचं माप सांगतात. ६२०४ असेल तर ०४ ला ५ ने गुणा, भोक २० मिलिमीटर. ६२०६ चं ३०. फक्त ००, ०१, ०२, ०३ यांचा हिशेब वेगळा: १०, १२, १५ आणि १७ मिलिमीटर. छताच्या पंख्यात सहसा ६२०१ किंवा ६२०२ असतं, तिथेही हे उपयोगी पडेल.

* बेअरिंगबरोबर ऑइल सील नवं घ्यावं. जिथे नटाला पिन असते तिथे तीही नवी. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालू देऊ नये.

* काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि पाहावा. तो बोलका असतो.

* एका चाकाचं गेलं म्हणून चारही बदलायची गरज नाही. बाकीची तपासून घ्यावीत.

* काम झाल्यावर शंभरेक किलोमीटरने चाकाचे नट पुन्हा आवळून घ्यावेत.

* साचलेल्या पाण्यातून गाडी न्यावी लागली तर पुढचे काही दिवस कान उघडे ठेवावेत. गाडी धुताना जोराचा फवारा चाकाच्या मधोमध मारू नये.

पुन्हा एक गुरुवार

श्रावण संपायच्या आत आम्ही पुन्हा निघालो, त्याच दोघी मागे. या वेळी लेकही बरोबर होती. घाटात उजवं वळण आलं तसा मी श्वास रोखला. काही नाही. इंजिनाचा आवाज, टायरांचा आवाज, आणि मागून सासूबाईंचं पुटपुटणं. खुलताबाद मागे टाकून उतार उतरलो आणि घृष्णेश्वराचं दर्शन झालं.

येताना सासूबाईंना डुलकी लागली होती. दौलताबादपाशी जाग आली तेव्हा म्हणाल्या, "ह्यांच्या वेळेसारखी चालतेय गं गाडी."

घरी आल्यावर मी वही काढली. अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली एक रेघ मारली आणि माझ्या अक्षरात लिहिलं: "छत्रपती संभाजीनगर. डावे पुढचे चाक, दोन्ही बेअरिंगं आणि सील बदलले. ७४,४१० कि.मी. प्रेसवर बसवले. उभी राहून पाहिले. पसंत आहे."